शकुबाईचे सहा वाफे

दिवाळी सरली आणि शकुबाईने घरामागे भाजीपाला लावायचं मनावर घेतलं. सून पुनमला पाचवा महिना लागला होता. तपासणीत तिच्या अंगात रक्त फार कमी निघालं आणि आरोग्य केंद्राच्या आशाताईने रोज ताटात हिरवी भाजी असलीच पाहिजे म्हणून बजावलं. जवळा बाजार या गावी आठवड्यातून एकदाच बाजार भरायचा. तिथून आणलेली मेथी दुसऱ्या दिवशीच माना टाकायची.

मग चार दिवस शकुबाई नुसती ऊन बघत फिरली. हिवाळ्यात घराची सावली लांबते, ती दुपारी कुठवर येते तिथे तिने खुंट्या ठोकल्या. सावलीच्या कडेला पालक-कोथिंबीर, भर उन्हात वांगी-टमाटे, बांधाला लसूण. मेथी एकदम पेरायची नाही, पंधरा-पंधरा दिवसांनी थोडी थोडी, म्हणजे होळीपर्यंत पुरेल. असे सहा वाफे. मधली वाट तिने चांगली दोन हात रुंद धरली, कारण पुनमचं पोट वाढणार होतं.

दीर सोमेश्वर शेजारच्याच घरात राहायचा. ही जागा सासऱ्याने पाच माणसांसमोर थोरल्याला, म्हणजे शकुबाईच्या नवऱ्याला दिली होती. तीन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि सोमेश्वरला तिथे ट्रॅक्टरसाठी शेड दिसू लागली. पहिल्यांदा त्याने खुंट्या उपटून फेकल्या. शकुबाई पुन्हा ठोकायला वाकली तर त्याने तिच्या हातावर पाय दिला. दोन नखं काळी पडली. पुनमने नवऱ्याला, बालाजीला, फोन करायचं म्हटलं. तो वारंगा फाट्याला गॅरेजात कामाला होता, शनिवारी घरी यायचा. शकुबाईने नको म्हटलं. पोरगं तापट होतं, चुलत्या-पुतण्यात मुडदा पडला असता. सुजलेल्या हातानेच तिने वाफे ओढले आणि वांग्या-टमाट्याची रोपं लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रोपांना पाणी घालत होती. कुंपणाच्या काट्या कडाकडा मोडल्या आणि सोमेश्वरचा ट्रॅक्टर आत आला, मागे रोटावेटर गरगरत होता. शकुबाई वाफ्यात आडवी उभी राहिली.

"भावजी, थांबवा. मामंजींनी दिलेली जागा हाय ही."

सोमेश्वर थांबला नाही. ट्रॅक्टरचं तोंड तिच्या कमरेवर आदळलं आणि ती बाजूच्या दगडांत फेकली गेली. रोटावेटरची पाती तिच्यापासून दोन बोटांच्या अंतरावरून गेली. रोपं, खुंट्या, ओली माती, सगळं उडून तिच्या तोंडावर आलं. एका फेऱ्यात चार वाफे गेले. तो वळत होता तेवढ्यात पुनम धावत आली आणि मडगार्डला लोंबकळली. सोमेश्वर खाली उतरला. त्याने तिच्या कानशिलात मारली, केस धरून तिला फरपटत नेलं आणि मोरीच्या दगडावर ढकललं. ती पोटावर पडली.

शकुबाईला पुढचं नीट आठवत नाही. कुदळ हाताला कशी लागली, कमरेत कळ असताना ती उठली कशी, काही नाही. पहिला घाव नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज मात्र तिला स्पष्ट ऐकू आला. सोमेश्वर कोसळला. दुसरा घाव त्याने हात आडवा घालून झेलला, मनगट लोंबायला लागलं. मग तिने कुदळ डोक्यावर उचलली. खाली त्याचं कपाळ होतं, आणि तिला तिथेच मारायचं होतं.

"आत्या, मला दवाखान्यात न्या," पुनम म्हणाली.

तिच्या साडीवर रक्त होतं. शकुबाईने कुदळ टाकली.

पुनमला अकरा दिवस निजून राहावं लागलं. लेकरू वाचलं. सोमेश्वरच्या पायात सळई घातली. आपण झोपेत असताना वैनीने हल्ला केला, अशी तक्रार त्याने ठाण्यात दिली आणि साक्षीला बायको जिवनबाईचं नाव घातलं. गावाने गृहीतच धरलं होतं की ती नवऱ्याच्या बाजूने बोलणार. जमादाराने विचारलं तेव्हा तिने पदर सरकवला, गळ्यावरचे जुने डाग दाखवले.

"खोटं काहून सांगू, साहेब? ट्रॅक्टर ह्यांनीच घातला. पोटुशी पोरीला ह्यांनीच ढकललं. मी दारात उभी होते."

कुदळीचा गुन्हा शकुबाईवरही लागलाच. आपण मारलं, हे तिने ठाण्यात कबूल केलं. आपल्याला वाईट वाटत नाही, एवढंच तिने सांगितलं नाही; त्याची तिला स्वतःलाच भीती वाटत होती. कोर्टाच्या तारखेला ती बालाजीबरोबर जायची.

संक्रांतीच्या आधी जिवनबाई कापडाची पिशवी घेऊन दारात आली. त्या घरात आता राहणार नाही म्हणाली. शकुबाईने तिला आत घेतलं, चहा दिला. दुपारी दोघी मागे गेल्या. शकुबाईच्या कमरेला वाकवत नव्हतं, म्हणून जिवनबाईने माती सारखी केली आणि शकुबाईने उभ्याउभ्या कुठे काय ते सांगितलं. टमाट्याचे दिवस गेले होते. मेथी अजून येणार होती.

भिंतीपलीकडे बाजेवर पडलेला सोमेश्वर शिव्या देत होता. जिवनबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिने विचारलं, बी किती बोटं खोल टाकू?