सत्तावीस हजार सातशे वीसचे वाटे

मित्रांनो, मी एक फार जुनी संख्या आहे. सत्तावीस हजार सातशे वीस. मला कुणी घडवलं नाही, माणूस मोजायला शिकला त्याच्या आधीपासून मी आहेच. एकापासून बारापर्यंत कुणीही येऊन मला भागावं, बाकी शून्य! माझ्याहून लहान कुठल्याच संख्येला हे जमत नाही. शून्याचं सोडा, ते कुणालाच नाही म्हणत नाही. तेराशी तेवढं माझं बिनसलेलं आहे. भागताना अंगावरून सुरी फिरते, पण मी हूं की चूं करत नाही. याचा मला भारी गर्व होता.

मावळातल्या आंबी गावात, कारखान्याच्या भिंतीलगतच्या एका रानाची मोजणी झाली. तेवढेच चौरस फूट भरले आणि बांधावरच्या दगडावर मला चुन्याने लिहिलं. रान ज्यांच्यात वाटायचं, त्या तीन भावंडांचा बाप वारलेला. थोरला हौशीराम, मधला आकाश, धाकटी रेणुका. आई नंदाबाई बाभळीखाली बसून होती. त्या घरची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. हौशीरामने पहारीने मधोमध एकच रेघ ओढली.

"उचल, आकाश."

"धाकटी मी हाय, दादा," रेणुका म्हणाली. "तीन वाटे कर."

"तिनानं भाग जात न्हाई. तुकडा उरतुय, आन् तुकड्यापायी डोकी फुटत्यात."

रेणुकाने माझे अंक बोटांनी चाचपत मिळवले. "दोन, सात, सात, दोन, शून्य. अठरा झालं. अठराला तीन जातंय, म्हंजी हिलाबी जातंय. नऊ हजार दोनशे चाळीस."

किती बरं वाटलं मला! तोच हौशीरामने पहार उचलली आणि माझ्यावरच हाणली. रेणुकाचा हात अजून दगडावरच होता. दोन बोटं जागीच चेचली.

तिची किंकाळी ऐकून आकाश कोयता घेऊन धावला. हौशीरामचा खांदा उभा फाटला. मग दोघे मातीत लोळत एकमेकांची नरडी आवळू लागले. माझे दोन्ही सात रक्तात बुडाले आणि मला काही करता येईना.

शेवटी नंदाबाई उठली. तिने पडलेला कोयता उचलला आणि दोघांच्या डोक्यावर धरला.

"मुडदा बशिवला तुमचा! ह्यो म्हनतुय दोन, ती म्हनतीया तीन. माझा वाटा कुटं हाय? मी काय मेले व्हय?"

दोघांचे हात एकमेकांच्या नरड्यावरून सुटले. रेणुकानेही आईला हिशोबात धरलं नव्हतं.

खांदा बांधलेला हौशीराम काही दिवसांनी त्याच रानात आला आणि त्याने चार वाटे पाडले. सहा हजार नऊशे तीस प्रत्येकी, बाकी शून्य. रेणुकाने आधी उचलला, डाव्या हाताने. माझा दगड आहे तोच वाटा.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. काहीही वाटायला घ्याल तेव्हा आधी माणसं मोजा, बाभळीखाली गप्प बसलेलीसुद्धा. माझं काय, मला कितीही चिरा, वाटे एकत्र केले की मी होती तशी होते. रेणुकाची बोटं जुळली नाहीत.