राक्षसाला जेवण कोण नेतं

यंदाचा शेवटचा प्रश्न पंधरा मार्कांचा होता. अभ्यासक्रमाला लावलेल्या दोन कादंबऱ्यांत एकेक राक्षस आहे, त्या दोघांच्या एकटेपणाची तुलना करा. आत्तापर्यंत दोनशे बारा गाढवांनी त्याचं एकच उत्तर लिहिलं होतं. 'राक्षस बाहेर नसतो, तो माणसाच्या मनात असतो.' स्वल्पविरामासकट तेच. मोठ्यानं वाचून वाचून माझ्या तोंडाला ते वाक्य इतकं बसलं होतं, की परवा नळदुरुस्तीवाला आला तेव्हा त्यालाही ऐकवणार होते.

मोठ्यानं वाचायचं कारण, दादाला दिसत नाही. दादा माझा थोरला भाऊ. कॉलेजात विभागप्रमुख होता. निवृत्त झाला तरी परीक्षकांच्या यादीत नाव राहिलं. मग डोळ्यांच्या पडद्याची काहीतरी भानगड झाली आणि तीन वर्षांत समोरच्या माणसाचा चेहरा म्हणजे नुसता डाग उरला. हे त्यानं परीक्षा विभागाला कळवलं नाही. कळवेल कशाला? कळवलं की 'सर' म्हणणारं कोण राहिलं? तेव्हा पेपरांचे गठ्ठे घरी येतात, मी वाचते, हा खुर्चीत डोळे मिटून बोटांवर मुद्दे मोजतो आणि आकडा सांगतो. लाल पेनानं आकडा मी लिहायचा, सही तेवढी त्याची.

मुद्दे पाच, प्रत्येकी तीन मार्क. तेही त्याचे नाहीत. पहिली कादंबरी त्यानं नुसती चाळली होती, आणि दुसरी अभ्यासक्रमाला लागली तेव्हा डोळे गेलेच होते. मी वाचून दाखवायला बसले, तर चाळिसाव्या पानाला महाराज घोरायला लागले. शेवटी मी गाइडातले पाच मुद्दे वाचून दाखवले आणि यानं ते 'आदर्श उत्तर' म्हणून पाठवून दिले. जन्मभर अशाच उंटावरून शेळ्या हाकल्या आणि लोकांनी शाली घातल्या.

मी दोन्ही कादंबऱ्या वाचल्यात. एकोणतीस वर्षं त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर होते. गाइडाच्या सहा प्रती हाताळून हाताळून फाटल्या, कादंबऱ्यांची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली. पहिलीतला राक्षस कारखान्याच्या तळघरात राहतो. पहारेकऱ्याची बायको रोज दुपारी बादलीत जेवण घालून जिना उतरते. दुसरीतला राहतो तळ्यातल्या बेटावर, आणि नावाड्याची बहीण टोपली घेऊन होडीनं जाते. चारशे चारशे पानं राक्षस उसासे टाकतो, आभाळाकडे बघतो, तत्त्वज्ञान झाडतो. ती बाई बिचारी जेवण ठेवते आणि परत जाते. तिला बोलायला एक धड वाक्य नाही. गाइडात तर तिचा उल्लेखसुद्धा नाही. मला त्या दोघींबद्दल काय वाटायचं ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला, दादाला? त्याचं ताट रोज एक वाजता त्याच्या खोलीत नेऊन ठेवते. 'मीठ कमी आहे' यापलीकडे तोही एक धड वाक्य बोलत नाही.

गुरुवारी सकाळी दोनशे तेरावा पेपर उघडला. वरच शिक्का: 'अंतिम संधी'. जुना अभ्यासक्रम बंद होतोय, त्यामुळे यात गचकलं की पदवी गेलीच, पुन्हा बसायची सोय नाही. आधीच्या सगळ्या प्रश्नांचे मिळून एकतीस झाले होते. पास व्हायला चाळीस लागतात.

"याला अजून नऊ हवेत," मी म्हटलं.

"पोपटपंची केली असेल तर मिळतील. वाच."

मी आधी नुसती नजर फिरवते, अक्षर लागावं म्हणून. उत्तर असं सुरू होत होतं: 'प्रश्न चुकला आहे. हे दोघे एकटे नाहीत. दोघांनाही रोज कोणीतरी जेवण नेऊन देतं. मी मोजत गेले. पहिलीत बेचाळीस वेळा, दुसरीत एकोणसाठ.'

अगं बाई! मी खुर्चीत सरळ बसले. एवढ्या मेंढरांत एक तरी डोळे उघडे ठेवून वाचणारी निघाली. इतका आनंद झाला, की ही पोरगी समोर असती तर उठून चहा केला असता. मी पुढे वाचलं.

'सगळे त्या दोघींना बिचाऱ्या म्हणतात. मला तसं वाटलं नाही. पहारेकऱ्याची बायको तळघराची किल्ली कमरेला लावून हिंडते. नावाड्याची बहीण बेटावर दुसरी होडी राहू देत नाही. जेवण ठेवताना दोघी मनात त्याला हसतात. तो बाहेर आला तर माणसांत जाईल, मग यांनी कुणाकडे बघून नाक मुरडायचं? राक्षसाला राक्षस ठेवायचं काम याच रोज करतात आणि त्याला सेवा म्हणतात.'

माझी कानशिलं तापली. मेली दीडशहाणी! आली मोठी अक्कल पाजळायला! कसली किल्ली? आणि मग आठवलं, किल्ली आहे. मी दोनदा वाचूनही ती माझ्या लक्षात राहिली नव्हती.

दुसरंही आठवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंधूक दिसणाऱ्यांसाठी एक वर्ग असतो. काठी धरून रस्त्यानं चालायला शिकवतात, भिंगानं वाचायला शिकवतात. आठ आठवड्यांचा, घरापासून दोन चौकांवर. दादानं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले होते, "कशाला? मी आहे की." दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यानं माझा दंड घट्ट धरला होता आणि मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, चांगलं बरं वाटलं होतं. विभागप्रमुख म्हणे!

"झोपलीस का?" दादा म्हणाला.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. ते पाच मुद्दे मला तोंडपाठ. कागदाकडे बघत तेच घडाघडा म्हटले असते तर यानं बारा दिले असते आणि पोरगी सुटली असती. अशी लबाडी मी याआधी सहा-सात जणांसाठी केलेली आहे, एखादा मुद्दा माझ्या खिशातला घालून. पण आज मला एकदम प्रामाणिकपणाचा उमाळा आला. लिहिलंय तस्संच वाचायचं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. कारण तसं वाचलं की दादा दोन मार्क देणार, हे मला ठाऊक होतं. मला ती पोरगी नापास व्हायला हवी होती.

मी वाचलं. दादाचं एकही बोट उघडलं नाही. मी पेनाचं टोपण काढून तयार.

"किल्लीपासून पुन्हा वाच," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचलं.

"किल्ली खरंच आहे कादंबरीत?"

"आहे."

"आणि होडीचं?"

"तेही आहे."

"मला कुणी सांगितलं नाही ते."

"सांगायच्या वेळी घोरत होतास."

तो हसला. "चौदा दे तिला."

"चौदा? डोकं फिरलं का तुझं? पाचांतला एक मुद्दा नाही यात!"

"ते पाच गाइडचे आहेत. मला काय माहीत नाही?" त्यानं मान माझ्या दिशेनं वळवली, थोडी चुकीच्या जागी. "हिला कळलंय. एक मार्क कापायचा, कारण अर्धंच लिहिलंय. राक्षसालाही आयतं बरं वाटत असतं. त्या वर्गाला तू नको म्हणालीस, तेव्हा मीही गप्प बसलोच ना? वरवर रागावल्यासारखं दाखवलं, पण मनातून सुटलो असंच वाटलं होतं. तेवढं तिच्या ध्यानात आलं नाही."

तीन वर्षांत तो इतकं सलग बोलला नव्हता, आणि बोलला ते हे. त्याला कळत होतं तर! रोज ताट ठेवून वळताना मी तोंड वाकडं करायची तेही कळत असणार. मग मी कसली थोर? त्या क्षणी मला दादाचा नाही, त्या पोरीचाच संताप आला. कोण कुठली, आणि आमच्या घरात येऊन बसली!

"लिहिलेस?" त्यानं विचारलं.

"लिहिले," मी म्हटलं, आणि आठ लिहिले. एकतीस आणि आठ, एकोणचाळीस. शून्य दिलं असतं तर वर कुणीतरी तपासलं असतं. आठ कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. एवढी वर्षं कागदपत्रांत काढल्यावर इतकं कळतंच.

पेपर त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं सही केली. "बरं झालं, जसं होतं तसं वाचलंस," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी गाळलं असतं. तुझ्यावर सोपवलं की मला निर्धास्त वाटतं."

मी पेपर उचलला आणि गठ्ठ्यावर ठेवायला गेले. ठेवता येईना. कव्हरवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, पण शिक्का माझ्याकडे बघत होता. नाक मुरडायला आता एक पोरगीही मिळाली होती, तीही कायमची. मी पेन घेतलं, आठावर आडवी रेघ मारली आणि शेजारी चौदा लिहिले, आकड्यातही आणि अक्षरातही.

पण मार्कांत खाडाखोड झाली की शेजारी परीक्षकाची वेगळी सही लागते. त्याशिवाय परीक्षा विभाग पेपर घेत नाही. ती सही मला ठोकून देता आली असती. त्याची सही मला झोपेतही येते. मी पेपर परत त्याच्यापुढे नेला.

"दादा, इथं अजून एक सही कर."

"का?"

"खाडाखोड झालीय."

"आधी किती होते?"

तेरा म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याला कोण सांगायला जाणार होतं?

"आठ," मी म्हणाले.

त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं.

"नऊ हवे होते ना तिला?"

"हो."

मी कागद त्याच्या हाताखाली सरकवला आणि त्यानं सही केली. त्याला माझा चेहरा दिसत नाही हे माहीत असूनही मी तोंड फिरवलं.