दोन माणसांनी वाजवलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून आगबोटीने आणि मग पडावातून मी श्रीवर्धन तालुक्यातल्या या कोळीवाड्यात आले. पंचक्रोशीत माझ्याइतकी गोड पेटी नाही, असे बोर्ली पंचतनचे बुवासुद्धा म्हणत. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

दर शनिवारी संध्याकाळी अंबाजी तांडेलांच्या ओटीवर भजन रंगे. मला तेच वाजवत. बाकीचे सहा दिवस मात्र मी कोपऱ्यात. एकदा तर त्यांच्या बायकोने, येसूबाईने, माझ्यावर सुक्या जवळ्याची टोपली ठेवली. तो वास महिनाभर गेला नाही. मी ते अजून विसरलेले नाही.

१९५८ साली दिवाळीनंतर जोसेफ ओदियांबो आमच्याकडे राहायला आला. तो आफ्रिकेतल्या केनियाचा, एका मोठ्या सरोवराच्या काठचा. मुंबईत मासेमारीचे शास्त्र शिकत होता. मासळी कशी सुकवतात हे पाहायला सहा महिने इथे राहणार होता. मराठी तोडकीमोडकी, पण जाळे विणायला बसला की हात अस्सल कोळ्याचे!

सगळ्यांनी त्याला जीव लावला. तरी रविवारी तो प्रार्थनेचे पुस्तक घेऊन पुळणीवर एकटाच बसे. त्याच्या गावी सारे जण चर्चमध्ये एकत्र गात. इथे चर्च नव्हते आणि प्रार्थनेला सोबतही नव्हती. शनिवारच्या भजनाला तो अंगणातच उभा राही. आपला धर्म वेगळा, आत कसे जायचे, असे त्याला वाटे. खरे सांगते, मलाही तसेच वाटे. मी अभंगांची पेटी ना!

जानेवारीत एकदा तो अंबाजींना म्हणाला, "काका, सोमवारच्या बोटीने मी जातो. शिकणं सोडतो." बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होते.

जाण्याआधीचा शुक्रवार आला. दर शुक्रवारी जोसेफचा उपास असे. ते कळल्यापासून येसूबाई त्या दिवशी त्याला वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी वाढी. त्याचा उपास मोडू नये म्हणून मासळीची टोपली अंगणातसुद्धा येऊ देत नसे. त्या दिवशी पान पाहून जोसेफ हसला.

"काकी, आता सांगतो. आमच्या उपासाला मटण नाही चालत. मासळी चालते."

"अगो बया! उपासाला म्हावरं?" येसूबाईने कपाळावर हात मारला. "आन् मी दोन महिने तुला वरी घालत व्हते!"

मग जोसेफने सांगितले, की येशूचे पहिले सोबती कोळीच होते. तेही होड्या घेऊन जात, जाळी टाकत.

अंबाजी जेवता जेवता थांबले. "मंग आदी न्हाय का सांगायचं? तू तर आपल्यातलाच हायस!"

येसूबाईने लगेच दोन सरंगे तळून त्याच्या पानात घातले.

दुसऱ्या दिवशी अंबाजींनी त्याला हाताला धरून भजनात आणले आणि माझ्यापुढे बसवले. "तुमच्या देवळातलं गाणं व्हऊ दे."

जोसेफ गावच्या चर्चमध्ये पायाने भाता चालवायची पायपेटी वाजवत असे. सवयीने त्याने दोन्ही हात माझ्या पट्ट्यांवर ठेवले आणि पाय पुढे सरकवले.

"आरं, पाय नको लावूस!" मंडळी ओरडली.

तो ओशाळला. दोन्ही हात सुरांवर, मग भाता कोण ओढणार? त्याने हात मागे घेतले आणि तो उठू लागला.

अंबाजी सरकत माझ्या पाठीमागे येऊन बसले. त्यांनी भाता धरला. "बस. तू वाजव, वारा मी घालतो."

मित्रांनो, अकरा वर्षांत माझ्यावर दहा बोटे कधी फिरली नव्हती! काय सूर निघाला म्हणून सांगू! परक्या गाण्याला नाक मुरडायचे मी पार विसरले. दुसऱ्या कडव्याला टाळकऱ्यांना ठेका सापडला, येसूबाई दारात उभी राहून टाळ्या वाजवू लागली. जोसेफ मोकळ्या गळ्याने गात होता.

सोमवारी बोट आली आणि त्याला न घेताच गेली. तो मे महिन्यापर्यंत राहिला. दर शनिवारी अभंगांनंतर त्याचे एक गाणे होई आणि भाता अंबाजींकडे असे.

आता मी थकले आहे. भात्याला भोके पडली आहेत, दोन पट्ट्या खाऱ्या हवेने बसल्या आहेत. जुन्या वाद्यांची निगा राखा, एवढे तर मी सांगेनच. पण आणखी एक मागणे आहे. शिकायला आलेला कुणी दूरदेशीचा माणूस तुमच्या अंगणात उभा दिसला, तर त्याला आत बोलवा. गाणे त्याच्याजवळ असतेच. भाता मात्र कुणीतरी ओढावा लागतो.