डोळ्यातलं जाळं

घनसावंगीच्या पुढे, उसाच्या फडाला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडसमोर सकाळपासून रांग होती. जाळेबाबा आंधळ्याच्या डोळ्यावर एरंडाचं पान ठेवायचा, पानाला बारीक नळी लावून जोरात ओढायचा आणि बशीत थुंकायचा. बशीत ओले काळे तंतू पडायचे. डॉक्टरच्या मशिनीला दिसत नाही ते जाळं देवाने आपल्या श्वासाला दाखवलं, असं म्हणत तो बशी रांगेतून फिरवायचा. लोक बशीच्या पाया पडायचे.

त्या रांगेत मला माझे वडील दिसले.

साहेबराव गुरुजी, आमचे अण्णा. भोकरदनच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. जत्रेत लिंबातून रक्त काढून दाखवायचे आणि लगेच ते कसं काढलं तेही सांगायचे. मीही त्यांच्यासारखी शिक्षिका झाले. अण्णांना शुगर जुनी, पण डोळ्यांना नीट दिसतं म्हणून तपासायचं राहून गेलं. डावा डोळा हळूहळू धूसर झाला, तो वयावर ढकलला. मग एका सकाळी पेपर वाचताना उजव्या डोळ्यासमोर काळी दोरी हलायला लागली, आणि संध्याकाळपर्यंत त्या डोळ्यापुढे नुसती काजळी उरली.

जालन्याच्या डॉक्टर आसिफा यांनी इंजेक्शन दिलं. पुढची इंजेक्शनं आणि लेझर चुकवू नका, असं बजावलं. पूर्ण दिसेल का, असं अण्णांनी तीनदा विचारलं. खात्री देत नाही, आहे ते वाचवू, एवढंच त्या म्हणाल्या. त्या रात्रीपासून अण्णा जेवेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आई पाणी घेऊन गेली की विचारायचे, "चांगुणा, दिवा लावलाय ना?" दिवा लावलेलाच असायचा.

खात्री बाबाने दिली.

त्याने अण्णांचं जाळं ओढलं आणि पथ्य सांगितलं: आडवं व्हायचं नाही, भिंतीला टेकून बसूनच झोपायचं. मी बशीतला एक तंतू गुपचूप रुमालात बांधून आणला. दिवाळीची सुट्टी संपून तीन आठवड्यांनी शाळा उघडली, तेव्हा तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली तो पिळलेला सुती दोरा निघाला, काळ्या रंगात बुडवलेला. बाबा तो गालात धरून ठेवत होता.

मी धावत घरी आले. अण्णा अंगणात पेपर धरून बसले होते आणि आईला मथळे वाचून दाखवत होते. आई रडत होती. मी दोऱ्याचं सांगितलं.

"दोरा खोटा असंल," ते म्हणाले. "पण मला दिसून राह्यलं, त्याचं काय?"

इंजेक्शनं बंद झाली. गुरुजींनासुद्धा गुण आला, ही बातमी जीपगाड्यांतून पसरली आणि शेडसमोरची रांग दुप्पट झाली.

उन्हाळ्यात जेवता जेवता अण्णांच्या हातातला घास ताटात पडला. उजव्या डोळ्यात पुन्हा काळोख भरला होता. यावेळी डोळ्याच्या आतला, प्रतिमा उमटते तो पडदाही ओढला जाऊन सुटला होता. ऑपरेशन झालं, पण तो डोळा गेला.

डॉक्टर आसिफांना मी तोच प्रश्न विचारला, मधे दिसलं ते कसं. त्यांनी कागदावर डोळा काढला. शुगरने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बुजतात, पडदा प्राणवायूसाठी कासावीस होतो. मग तो एक पदार्थ सोडतो, वाहिन्या वाढवणारा. त्याच्या जोरावर नव्या वाहिन्या फुटतात, पण त्या कच्च्या, भलत्याच जागी. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. इंजेक्शन त्या पदार्थाला अडवतं.

"माणूस बसून राहिला, की रक्त हळूहळू खाली उतरतं. थोडं शरीरही शोषून घेतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या इंजेक्शनचाही हात असेल. मधली वाट मोकळी झाली म्हणून दिसलं. वाहिन्या मात्र वाढतच होत्या."

अण्णा शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "मला तिथं घेऊन चल."

शेडपाशी त्यांनी माझा खांदा धरला आणि रांगेला तोंड करून सगळं सांगितलं. दोरा, उतरलेलं रक्त, गेलेला डोळा. बाबा गादीवरूनच हसला. गुरुजींची श्रद्धा कमी पडली, म्हणाला.

"कमी न्हाई पडली," अण्णा म्हणाले. "डॉक्टरकडं जायचं सोडून दिलं, एवढी होती. श्रद्धा कमी असती तर डोळा राह्यला असता."

रांगेत कुजबुज झाली. बाबाने नळी उचलली, मग पुन्हा खाली ठेवली.

"बरं वाटलं म्हणजे बरं झालं, असं न्हाई," अण्णा पुढे बोलले. "कशानं बरं वाटलं, ते विचारा. म्या जन्मभर पोरांना हेच शिकवलं, अन् माझ्यावर आलं तवा भिऊन विसरलो. शुगर हाये त्यांनी नीट दिसतंय तवाच पडदा दाखवून घ्या. अंधार पडल्यावर उशीर होतो."

बरेचजण खाली मान घालून रांगेतच बसून राहिले. तुळजाबाई नावाची एक म्हातारी तेवढी उठली. तिने चाचपडत अण्णांचा हात शोधला आणि जालन्याची जीप कुठून मिळते ते विचारलं. अण्णांचंही त्या दिवशी डाव्या डोळ्याचं इंजेक्शन होतं. आम्ही तिघं सोबतच निघालो.