वानरानं वाजवलेलं व्हायोलिन

"कोणाले खरं वाटणार नाही गा, पण वानरानं गज बरोबर उजव्याच हातात धरला होता," असं म्हणून बाबारावांनी काउंटरवरचा गज उचलला आणि हवेत एकदा ओढूनही दाखवला.

सीताबर्डीतल्या त्या अरुंद दुकानात वाद्यं दुरुस्त करणारा चंद्रभान व्हायोलिनची शेवटची तार चढवत होता. त्यानं मान वर केली नाही, पण खुंटीवरचा हात थांबला. बाबारावांना तेवढं पुरे होतं.

शेजारी त्यांची सून मयुरा उभी होती. व्हायोलिन तिचं, त्याआधी तिच्या वडिलांचं. ते गेल्यावर माहेरून तिनं एवढंच मागून आणलं होतं. मनीषनगरच्या घरी त्यावर ती मुलांना शिकवायची आणि मुलं गेली की एकटीच काहीतरी वाजवत बसायची. ते ऐकत चहा प्यायची बाबारावांना सवय लागली होती. अलीकडे, व्हायोलिन बंद पडल्यापासून, ते चहा घेऊन फाटकाबाहेर जाऊन उभे राहत.

झालं होतं ते एवढंच. कूलरच्या ओल्या हवेनं व्हायोलिनच्या पेटीला कुबट वास येऊ लागला होता. गच्चीवर त्यांच्या बायकोच्या, शामलाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. सुनेचं एक काम आपणच उरकावं, म्हणून बाबारावांनी पेटी वर नेली, व्हायोलिन काढून कुरडयांशेजारी खाटेवर निजवलं आणि स्वतः खाली येऊन कूलरपुढे आडवे झाले. नागपूरच्या मे महिन्यात कुरडई कडक होते. सरसानं चिकटवलेलं लाकूड उकलतं. त्यांना जाग आली तेव्हा कुरडया डब्यात गेल्या होत्या आणि व्हायोलिन पेटीत. वरची फळी कडेनं सुटली होती आणि तिला उभी भेग गेली होती.

कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. जेवताना मयुरा त्यांच्याकडे बघत जरा थांबली, आणि बाबारावांच्या तोंडून वानर बाहेर पडलं. खिडकीतून आलं, व्हायोलिन उचललं, गच्चीवर गेलं.

मुलगा अंकित ठसका लागेपर्यंत हसला. मयुरानं पोळी वाढली. तेव्हापासून वानर वाढतच गेलं. शेजारच्या मार्तंडरावांपर्यंत पोचलं तोवर ते शेपटीनं ताल धरू लागलं होतं. उन्हात डोक्याला बांधायचा बाबारावांचा निळ्या काठाचा दुपट्टा त्याच दिवसापासून सापडत नव्हता. तोही त्यांनी वानराच्याच नावावर घातला.

"अन् माझा दुपट्टा डोक्याले बांधून बसलं होतं," ते आता चंद्रभानला सांगत होते. "पक्कं नागपूरचं. उन्हाची अक्कल होती त्याले."

चंद्रभान हसला आणि त्यानं व्हायोलिन मयुरापुढे केलं. भेग बुजली होती, पण तिची केसाएवढी रेघ राहिली होती. मयुरानं तिच्यावरून बोट फिरवलं. मग गजासाठी तिनं हात पुढे केला, तेव्हा कुठे बाबारावांना तो आपल्याच हातात असल्याचं कळलं. तिनं एकच सूर लांब ओढला. बाबाराव बाहेरच्या ऑटोंकडे बघू लागले.

"मग काका, वाजवून झाल्यावर?" चंद्रभाननं विचारलं.

"मग काय. मी वरडलो. तसं त्यानं व्हायोलिन देल्लं फेकून अन्..."

मयुरानं पिशवीतून एक कापड काढलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, निळ्या काठाचं. ते उलगडून ती व्हायोलिनभोवती गुंडाळू लागली.

"अन् पळालं," बाबाराव म्हणाले.

"फेकलं नव्हतं, बाबा," मयुरा मान वर न करता म्हणाली. "कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून ह्याच दुपट्ट्यानं झाकलं होतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारही टोकं खाली खोचून."