काचेतले मावळे, मातीतले मावळे

आमच्या आंबी गावात दिवाळीचा किल्ला कुणाच्याही दारात असो, त्याच्यावर उभे राहणारे मावळे माझ्या हातचे असतात. चाळीस वर्षं झाली, कुणाची नाही म्हणायची छाती झालेली नाही. ओढ्याकाठची चिकण माती मीच आणते, चाळते, दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली मुरवते. मग चिमटीत नाक, चिमटीत पगडी, हातात खराट्याच्या काडीचा भाला. भाताच्या तुसाचा ढीग पेटवून त्यात दिवसभर धुमसत ठेवते. वर गेरू, चुना आणि मिशांना काजळ. बाजारातले ते पांढऱ्या प्लास्टरचे मावळे पाहिले की मला हसू येतं. एकाचा डोळा कपाळाला गेलेला, एकाची मिशी गालावर.

माझ्या मावळ्याकडं बघितलं की वाटतं, हा आत्ता भाकर मागंल.

आणि हे सगळं माझी नात सृष्टी चार वर्षांची असल्यापासून बघत आली. माती तिनं तुडवायची, किल्ला आम्ही दोघींनी रचायचा, अळीव तिनं पेरायचे. आता अकराची आहे. आदिनाथ, म्हणजे माझा लेक, कंपनीत. सून स्नेहल तळेगावला शाळेवर. पोरगी माझ्याच पदराखाली वाढली म्हणा ना.

तर यंदा सहामाही परीक्षा संपल्यावर ती आठ दिवस लोणावळ्याला गेली आणि येताना एक डबा घेऊन आली.

लोणावळ्याला माझी विहीण राहते. अनघा. रेल्वेच्या हापिसातून रिटायर झालेली, केस कापलेले, बोलणं असं की पेढ्यावर पेढा ठेवावा. सृष्टी तिला नानी म्हणते. आमच्याकडं कुणी नानी म्हणत नाही, पण तिला आवडतं म्हणे. असू दे. बारा वर्षांत मी तिच्या घरी तीनदा गेले असंन, तेही कार्याला. बाई वाईट नाही. माझं तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर दोन शब्द बोलून मोकळी झाले असते.

डब्यात स्पंज, स्पंजाला खाचा, आणि एकेका खाचेत एकेक मावळा. बारा. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडे मोठे.

"आज्जी, हात नको लावूस हं. चकलीचं तेल आहे हाताला."

माझ्या घरात, माझ्या नातीनं, मला.

"कुटनं आनलं?"

"नानीनं करड्या रंगाचे मागवले होते, कोरे. आणि सगळे स्वतः रंगवले. भिंग लावून. आठ महिने लागले तिला."

मी चष्मा पुसून वाकले. मावळ्याच्या पाठीला भाकरीचं गाठोडं होतं. गाठोड्याला गाठ होती. गाठीच्या दोन टोकांपैकी एक वाऱ्यावर उडाल्यासारखं वळलेलं होतं. डोळ्यांत पांढरं, पांढऱ्यात काळं. मुंगीला दिसंल असलं काम.

"चांगलंय," मी म्हणाले. "वाणातल्या बाहुल्यांवानी."

"बाहुल्या नाहीत गं, टेबलावर लढाई खेळतात ह्यांनी! फासे टाकायचे, टेपनं मोजून पुढं सरकायचं. भाऊबीजेला नानीच्या सोसायटीत माझी मॅच आहे, तेजलताईबरोबर. तिच्याकडं मोगलांचे बारा आहेत. आणि नियम काय माहितीये? रंग नसलेला शिपाई पटावर चालत नाही. बाद."

मी ऐकलं. नीट ऐकलं, हे इथंच सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी सोऱ्या दाबत बसले होते आणि सृष्टीनं जेवणाच्या टेबलावर दोन रांगा मांडल्या. एकीकडं नानीचे, एकीकडं माझे. वही काढली, रेघ मारली, वर लिहिलं "नानी" आणि "आज्जी". मला म्हणाली, "तुलना करतेय. तू पण सांग."

"कर. भिते का काय मी?"

"उंची. तुझे वीतभर आहेत."

"मग उंच कोन?"

"उंच असून चालत नाही. उंच माणूस लांबून दिसतो, लवकर मरतो."

"आमच्यात कुनी लवकर मरत न्हाई. तुजी पणजी ब्याण्णव वर्सांची हुन गेली."

ती हसली, पण वहीत खूण नानीच्या खाली केली. "चेहरा. नानीच्या प्रत्येकाचा वेगळा आहे. हा घाबरलाय, हा ओरडतोय, हा म्हातारा आहे. तुझे सगळे सारखेच दिसतात."

"सारखे? हा मान तिरकी केलेला दिसंना का तुला?"

"तो भाजताना वाकला आज्जी. तूच म्हणाली होतीस."

सुनेनं तिकडं तोंडावर पदर घेतला. पदर कसला, ओढणी. मी बघितलं.

"टिकाऊपणा. नानीचे पडले तरी काही होत नाही. तुझे फुटतात."

"फुटला तर म्या दुसरा करती. तुज्या नानीचा हारवला तर पार्सलची वाट बघत बसा."

"उभं राहणं," सृष्टी म्हणाली आणि टेबल हलवलं. नानीचे तीन आडवे झाले. माझे सगळे पाय रोवून उभे. "हे तुला."

असं करत सात खुणा तिकडं, एक माझ्याकडं. ती एक मी दिवसभर चघळली. आणि संध्याकाळी बघते तर अंगणात आमचा किल्ला तयार, माझे मावळे उतरणीवर, पायथ्याला, बुरुजावर, चिखलात. आणि नानीचे बारा हॉलमधल्या काचेच्या कपाटात, आदिनाथच्या कंपनीच्या ट्रॉफीशेजारी.

"किल्ल्यावर का न्हाई ठिवलं?"

"माती लागेल ना."

तिचे काचेत, माझे मातीत. रात्री जेवायला बसले. पण पोळी गिळताना मला दरवेळी ते गाठोडं दिसायचं, त्याची ती वळलेली गाठ. आठ महिने. मी चाळीस वर्षं घालवली त्याचं काय, असं विचारावंसं वाटायचं. पण विचारायचं कुणाला?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं देव घासतात. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन मी मोरीपाशी बसते ती तासभर उठत नाही. मायलेकी कपडे आणायला तळेगावला गेल्या होत्या. समया झाल्या, अन्नपूर्णा झाली, खंडोबाचा टाक झाला. हात पुसताना कपाटाकडं नजर गेली. म्हणलं, बघू तरी जवळून, आता कोण आहे.

एक उचलला. म्हाताऱ्या चेहऱ्याचा होता. उजेडात धरला आणि मला अस्सा आनंद झाला म्हणून सांगू. मळ! गालाच्या सुरकुत्यांत काळं, अंगरख्याच्या चुण्यांत काळं, बोटांच्या फटीत काळं. एवढी रंगवणारी बाई, आणि पुसायचं राहिलं! म्हणलं, रिटायर झाली तरी हापिसातलीच, घर कुठं बघितलंय हिनं. आता देवांबरोबर ह्याचंही स्नान करते, आणि सृष्टीला दाखवते की तुझ्या नानीची फौज आंघोळीविना आली होती.

चिंच लावली, राख लावली, शेंडीनं दोन हात मारले. पाणी टाकलं.

मळ गेला. त्याबरोबर गाल गेला. डोळा गेला. गाठोड्याची गाठ गेली. हातात एक करडा, गुळगुळीत ठोंबा राहिला.

तेव्हा कळलं मला. तो मळ नव्हताच. सावली होती. बाईनं सावलीसुद्धा रंगवली होती.

इथं थांबले असते तर ही चूक होती. देवासमोर बसून सांगितली असती. पण मी त्या कोऱ्या तोंडाकडं बघत राहिले, आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? असं बरं वाटलं की जणू पायातला काटा निघाला. मी उठले आणि कपाटातनं ओरडणारा आणला. मग घाबरलेला. मग अजून दोन. प्रत्येकाला चिंच, प्रत्येकाला राख. सहाव्याला हात घातला तोवर फाटक वाजलं.

सृष्टी दारात उभी राहिली ती तशीच. पिशवी हातातून खाली.

"आज्जी, हे काय केलंस?"

"देव घासता घासता... मळ वाटला गं मला. म्हणलं, सणासुदीचं सोच्छ करावं."

"पाचही?"

"चष्मा न्हवता लावला."

ती रडली. मोठ्यानं नाही, भिंतीकडं तोंड करून. मी पाटावर बसून राहिले, राखेचे हात वर धरून. थोड्या वेळानं तीच आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "जाऊ दे आज्जी. तुला कुठं माहीत होतं."

त्या मिठीत मला जे वाटलं ते कुणाला वाटू नये. आणि तरीही रात्री तिनं विचारलं, "मग मॅचला तुझे पाच घेऊन जाऊ का? रंग तर आहे त्यांना," तेव्हा माझी छाती फुगली. चेहऱ्यात हरले, कपड्यात हरले, पण चालले माझे पाच लोणावळ्याला! मी स्वतः निवडून दिले, मिशांना नवं काजळ लावलं आणि भाऊबीजेला गाडीत पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसले. आदिनाथ म्हणाला, "आई, तू येनार? खरंच?" म्हणलं, "का, मला विहीण न्हाई का?"

सोसायटीच्या हॉलमध्ये मोठं टेबल, त्यावर हिरवं कापड, थर्मोकोलचे डोंगर, खिंड. तेजल म्हणजे चौदा-पंधरा वर्षांची पोर, चष्मेवाली, वकिलासारखी. तिनं माझे मावळे बघितले आणि पटकन म्हणाली, "हे नाही चालणार. साईज बघा ना. ह्याच्यामागं अख्खी फौज लपेल."

सृष्टीचं तोंड उतरलं. माझं त्याहून. मी तोंड उघडणार तोच विहीण पुढं आली.

"चालतील तेजल. नियमात रंग लागतो असं आहे, उंचीचं कुठं लिहिलंय? दाखव." तेजलनं मोबाईलमध्ये बघितलं, काही सापडलं नाही. मग अनघानं माझा एक मावळा तळहातावर घेतला, फिरवला. "आणि हे बघ तरी. शालूताईंनी ह्याचं नाक नुसतं चिमटीत काढलंय. मला भिंग लागतं, सुईएवढा कुंचला लागतो, तरी माझे मावळे फोटो काढायला उभे राहिल्यासारखे दिसतात. हा बघ, हा चालून थकलाय."

चाळीस वर्षांत माझ्या कामाविषयी इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. बोलली तर कोण बोलली!

"आणि ताई," ती माझ्याकडं वळली, हळू आवाजात, पण सृष्टीला ऐकू जाईल असं, "त्या पाचांचं मनाला लावून घेऊ नका. चूक माझीच. सावलीचा रंग असतो हे मी सांगून ठेवायला हवं होतं. कुणालाही मळच वाटेल."

माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. रंगात ही पुढं, बोलण्यात पुढं, आता माझी चूकही हीच घेऊन जाणार? चांगुलपणाचा एवढासा कोपरासुद्धा मला ठेवायचा नाही का हिला?

"तुमी कशापायी घेता वो चूक?" मी म्हणाले. हॉलमध्ये जरा जोरातच गेलं. "माजी हाय ती. म्या घासलं. मळ वाटला व्हय, पर पयल्यालाच. पुढचं म्हाईत असून घासलं."

स्नेहल माझ्याकडं वळून "आई" म्हणाली. आदिनाथ मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागला. विहीणबाईंच्या तोंडावरचं हसू कुठं ठेवावं ते त्यांना कळेना. पहिल्यांदाच बघितलं मी त्यांना असं. आणि खरं सांगते, त्याचाही आनंद झाला नाही.

सृष्टी टेबलाच्या पलीकडं होती, माझे पाचही पटावर मांडून. तिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

"चुकून किती?"

"येक."

"आणि मुद्दाम?"

"चार."

"का पण?"

त्याला माझ्याकडं उत्तर होतं. लांबलचक होतं, त्यात काच होती, माती होती, वहीतल्या सात खुणा होत्या. त्यातला एक शब्द तिच्यासमोर काढण्यासारखा नव्हता.

"जळले मी," एवढंच म्हणाले.

तिनं मान हलवली. रडली नाही, ओरडली नाही. पटावरचे माझे चार मावळे एकेक करून उचलले, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या ओटीत ठेवले. पाचवा खिंडीच्या तोंडाशी होता. त्याला तिनं हात लावला नाही.

"हा चुकून गेलेल्याचा," ती म्हणाली. "हा राहू दे."

"अगं, बारांसमोर आठच होतील तुझे," तेजल म्हणाली. तिलाही वाईट वाटलं असावं. "राहू देत ना सगळे. मी काही म्हणत नाही आता."

"नको. आठच."

फासे पडले. सृष्टीचे दोन पहिल्याच फेरीत गेले. मी खुर्चीवर बसून होते, ओटीत चौघांना धरून. विहीणबाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला, शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि काहीही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसण्याबद्दल तरी मला त्यांच्यावर चिडता येईना. खिंडीतला माझा एकटा उभा होता, सगळ्यांत उंच, सगळ्यांत आधी दिसणारा. तिसऱ्या फेरीत तेजलचे चारजण त्याच्यावर चालून आले.

सृष्टीनं टेपचं एक टोक त्याच्या पायाशी दाबलं आणि दुसरं टोक हवेत धरून, नजर पटावरून न काढता म्हणाली,

"नानी, हे तिकडं धर ना."

हाक तिला होती. हात माझाही पुढं गेला होता. तो मी चहाच्या कपाकडं वळवला.