मनगटावरची सवत

आमच्या घरात सवत आली ती दिवाळीनंतर, आणि तीही कुणीतरी वापरून सोडलेली. घड्याळ! पाणबुडे घालतात तसलं जाडजूड, निळ्या तबकडीचं, भोवती फिरणारं कडं. दोनशे मीटर खोल पाण्यातही चालतं म्हणे. आणि आमच्या ह्यांना रामकुंडात गुडघाभर उतरायचं तरी माझा खांदा धरावा लागतो!

"जुनं आहे, पण रोज घालायला एक नंबर," म्हणाले.

संध्याकाळी घरी आले की आधी ते कानाला लावून टिकटिक ऐकायची, मऊ फडक्यानं काच पुसायची, मग चहा. भावाच्या लग्नात मी येवल्याची पैठणी नेसले, तेव्हा "बरी दिसतेय" एवढ्यावर भागवलं होतं. इथं मात्र नजर हलत नाही. माझा नुसता जळफळाट व्हायचा. "अगं, लोखंडाच्या तुकड्यावर काय जळतेस?" शेजारच्या मंगलाकाकू हसल्या. म्हटलं, त्या तुकड्याकडे बघतात तसं माझ्याकडे एकदा बघू देत, मग नाही जळणार.

गंमत म्हणजे, हे अंबडच्या कारखान्यात लेथ मशीन चालवतात, आणि त्या फिरत्या मशीनवर हातात घड्याळ, अंगठी, दोरा काही चालत नाही. घेताना एवढं साधं ध्यानात आलं नाही! त्यातून या घड्याळाला सेल नाही. हात हलला तरच चालायचं. दिवसभर ते कपाटात, संध्याकाळी ह्यांच्या हातात, आणि ह्यांचा हात सोफ्यावर. आठवड्याच्या आत बंद पडलं. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

"दिवसभर तू घाल ना. तुझे हात सारखे चालूच असतात."

इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा लक्षात आलं, तेही सवतीसाठी!

घातलं. कणीक मळताना, धुणं धुताना, भाजी आणताना तिला मिरवलं. मेली ठणठणीत चालायला लागली. संध्याकाळी हे दारातच माझा हात धरायचे, खिडकीपाशी न्यायचे, अंगठ्यानं काच पुसायचे. तो अंगठा कधी चुकून मला लागायचा. बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून आणखीच राग यायचा.

परवा मनगटावर कुकरची वाफ आली. घड्याळ काढून हात नळाखाली धरला, तरी टरारून फोड आलाच. हे आले, सवयीनं हात धरला, फोड पाहिला. पाहिला, बरं का! आणि म्हणाले, "अगं, घड्याळात वाफ नाही ना गेली?"

रडायचं नाही असं ठरवलं आणि भांडी घासताना रडले.

काल सकाळी पट्टी बांधलेल्या हातानं कसाबसा डबा भरला, तर हे घड्याळ घेऊन पुढ्यात हजर. "उजव्या हातात घाल की."

माझं डोकंच सणकलं. डबा त्यांच्या हातात आदळला. "उद्यापासून दोन्ही जमणार नाही. तुमचं घड्याळ सांभाळू की तुमचा डबा करू? एक काय ते सांगा."

वाटलं, ओशाळतील. निदान पट्टीकडे तरी बघतील.

एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात डबा घेऊन तो माणूस खरंच विचार करत उभा राहिला.